द्वारकाअक्काची विहीर आणि सार्वजनिक हित

सरकारी कागदावर 'सार्वजनिक हितास्तव' हे शब्द दिसले की आजही माझं डोकं तापतं. वकिली सोडून बरीच वर्षं झाली. काळ्या कोटाला कसर लागली, पण हा राग काही गेला नाही. माझी सून विचारते, "आई, पेपर वाचताना तुम्ही एकट्याच कोणाशी भांडत असता?" त्या दोन शब्दांशी भांडत असते.

गैरसमज नको. मी सार्वजनिक हिताच्या विरुद्ध नाही. धुळ्याच्या कोर्टात वकिली करत असताना मी संध्याकाळी कायद्याच्या मुलांना विधिशास्त्र शिकवत असे. कायदा मुळात येतो कुठून, तो का पाळायचा, आणि सरकारनं केलेला कायदा न्याय्यच असतो असं धरून चालायचं का, याचा हा अभ्यास. मुलांना विषय नकोसा वाटे, कारण त्यावर अशील मिळत नाही. त्यात एक फार जुना विचार शिकवावा लागतो. माणसानं लिहिलेल्या कायद्याच्या वर एक न लिहिलेला कायदा आहे, माणसाला माणूस म्हणून काही हक्क जन्मतःच आहेत, आणि राजाचे हुकूमसुद्धा त्या मापानं मोजायचे. दुसरा विचार म्हणतो, माणूस एकटा राहत नाही, समाजात राहतो, तेव्हा सगळ्यांचं भलं आधी आणि एकट्याचं नंतर. मुलं विचारत, "मॅडम, यातलं खरं कुठलं?" मी पुस्तकातलं उत्तर देई, की दोन्हींचा तोल साधायचा असतो. पण तोलायचा काटा कोणाच्या हातात असतो, ते पुस्तकात नव्हतं.

जळगावला एकदा छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. शहर सुंदर करायचं म्हणून त्याची टपरी उचलली होती. काही दिवसांत त्याच जागी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फलक लागला. त्या माणसानं न्यायाधीशांनाच विचारलं, "साहेब, मी पब्लिकमध्ये येतो की नाही?" कोर्टात हशा पिकला. दावा आम्ही हरलो. त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते द्वारकाअक्काचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लागोपाठ दोन सालं कोरडी गेली होती आणि तो उन्हाळा शिंदखेडा तालुक्याला फार वाईट गेला. देवपूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस होतं. एका सकाळी साठीच्या आसपासची एक बाई आली. नऊवारी लुगडं, उन्हानं रापलेला चेहरा, बसायला सांगितलं तरी उभीच. मागे दारात तिचा नवरा, दगाभाऊ, डोक्यावरचं उपरणं हातात घेऊन.

"ताई, मनी इहीर सरकारनी लिधी," ती अहिराणीत म्हणाली. सरकारनं तिची विहीर घेतली होती.

ही द्वारकाअक्का. बापाला एकुलती एक, म्हणून शेत आणि विहीर तिच्या नावावर. विहीर तिच्या बापानं खणलेली, मुरमात खोल गेलेली, कधी न आटलेली. त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या तेव्हा सगळं गाव अक्काच्या विहिरीवर येऊ लागलं. गावाच्या टोकाला भिल्लांची वस्ती होती, तिथल्या बायाही येत. बाकीच्या विहिरींवर त्यांना थांबवून ठेवायचे, इथं नाही. अक्का रोज सकाळी स्वतः इंजिन लावी, हौद भरून देई, आणि मग उरलेलं पाणी तिच्या लिंबांच्या बागेला आणि गुरांना. मोबदला कोणाकडून घेतला नाही.

एके दिवशी शेतात गेली तर इंजिनाच्या खोलीच्या दारावर तहसीलदारांचा हुकूम चिकटवलेला. सार्वजनिक हितास्तव विहीर ताब्यात घेतली आहे. खातेदारानं शेतीसाठी पाणी उपसू नये. उपसल्यास फौजदारी. विहिरीवर कोतवाल बसवला होता. अक्काची म्हैस हौदाजवळ गेली तर त्यानं तिला काठीनं परत फिरवलं.

मी तिला जे खरं ते सांगितलं. "अक्का, टंचाईत प्यायच्या पाण्यासाठी खाजगी विहीर घ्यायचा सरकारला अधिकार आहे."

"अधिकार व्हई," ती म्हणाली. "पन काही रीत शे का नही? मी पानी देतच ऱ्हायनू. माले कोनी इचारं बी नही. बठ्ठासले पानी देनारी बाई, आते मनाच शेतमा मी चोर." सगळ्यांना पाणी देणारी ती, आणि आता स्वतःच्याच शेतात चोर.

वकिलाला अशील भेटतो तेव्हा मनात पहिला विचार येतो, कुठल्या कलमाखाली बसेल. अक्काचं दुःख कलमात बसत होतं. कायद्यात त्याला नैसर्गिक न्याय म्हणतात. नाव मोठं, गोष्ट साधी. एखाद्याचं काही हिरावून घेण्याआधी त्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकायचं. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नसलं तरी न्यायालयानं ते धरून चालावं, असं आम्ही शिकवतो. ती जिला रीत म्हणत होती, ती हीच.

सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. उन्हाळ्यात दोन महिने. तेवढ्यात लिंबाची बाग सरपणाला जाते. तातडीचं प्रकरण असेल तर नोटिशीशिवाय दावा लावायची परवानगी मागता येते, ती मी मागितली आणि मिळाली. सोबत हुकुमाला तात्पुरती स्थगिती मागितली.

समोर सरकारी वकील होते नाना. वयानं आणि अनुभवानं माझ्यापेक्षा मोठे, सज्जन माणूस, स्वतः खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरातले. ते उठले आणि शांतपणे एकच वाक्य बोलले. "साहेब, प्रश्न एवढाच आहे, एका कुटुंबाची लिंबं की अख्ख्या गावाची तहान?"

या वाक्यापुढे कोण टिकणार? मी सांगत राहिले, की गावाची तहान ही बाई आधीच भागवत होती, तिला विचारलं असतं तरी पाणी मिळालंच असतं, आणि निदान तिच्या गुरांना तरी पाणी पिऊ द्या. न्यायाधीश विदर्भातले, नवीनच बदलून आलेले. त्यांनी स्थगिती नाकारली. लोकहितापुढे वैयक्तिक हक्काला दुय्यम स्थान आहे, असं म्हणाले आणि पुढची तारीख दिली. हे मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहीत असे. माझंच वाक्य माझ्या तोंडावर आल्यासारखं झालं.

बाहेर चहाच्या टपरीवर नाना म्हणाले, "बाई, रागावू नका. उद्या प्रत्येक विहीरवाला म्हणेल, मला आधी विचारा. टंचाईत अधिकाऱ्यानं काय घरोघर विचारत फिरायचं?"

"हो," मी म्हटलं. "फिरायचं. त्याचाच पगार मिळतो."

नाना हसले. मला हसू आलं नाही.

पुढच्या तारखेच्या आधी मी एसटीनं त्या गावाला गेले. वकिलानं अशिलाच्या गावी जाऊ नये, असा आमच्याकडे एक अलिखित नियम आहे. पण माझ्यासमोर दारावरच्या हुकुमाशिवाय काही नव्हतं, आणि हुकूम तर कायदेशीर दिसत होता.

गावात उतरल्यावर द्वारकाअक्काचं घर कुठे म्हणून विचारलं, तर पारावरच्या माणसानं तोंड फिरवलं. गावात असं पसरलं होतं की अक्का कोर्टात गेलीय ती गावाचं पाणी बंद करायला. शेजारच्या घरी बारसं झालं, तिला बोलावणं नव्हतं. ज्या बाया तिच्या हौदावर हंडे भरत होत्या त्याच आता तिच्याशी बोलत नव्हत्या. अक्कानं हे मला रडून नाही सांगितलं. भाकरी थापता थापता, सहज सांगावं तसं. दगाभाऊ मात्र म्हणाला, "ताई, केस मांघे ल्या. गावमा ऱ्हावानं शे."

अक्का म्हणाली, "मांघे लेवानं काय? मी काय कोनं लिधं?"

आम्ही विहिरीवर गेलो. इंजिन चालू होतं, अक्काचंच. कोतवालानं मला नमस्कार केला. पाइप टाकलेला होता, त्यातून पाणी गावठाणातल्या टाकीत जात होतं, ते ठीक. पण विहिरीच्या कडेला एक टँकरही उभा होता. मी विचारलं, हा कुठं जातो? कोतवाल म्हणाला, वाडीवर. वाडी कुठली ते त्याला सांगता येईना.

परतताना भिल्ल वस्तीवरून आलो. तिथल्या बाया रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. हुकूम झाल्यापासून विहिरीवर यायला त्यांना बंदी, कारण आता पाणी टाकीतून मिळणार. टाकीवर गेलं की सांगायचे, आधी गाव. गाव संपेपर्यंत टाकी संपे. मग त्या नाल्यात खड्डे खणून गढूळ पाणी गाळून आणत. एका तरुण बाईनं मला तो हंडा दाखवला. तळाशी बोटभर चिखल.

सार्वजनिक हितासाठी घेतलेल्या विहिरीचं पाणी, ज्यांना आधी मिळत होतं त्यांना मिळेनासं झालं होतं.

टँकर गेला त्या रस्त्यानं आम्ही चालत गेलो. गावापासून थोडं पुढे कापसाच्या जिनिंगचं बांधकाम चाललं होतं. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचं. टँकर तिथल्या सिमेंटच्या हौदात रिकामा होत होता. भिंतींवर पाणी मारायला माणसं लावली होती. ऊन एवढं, की मारलेलं पाणी बघता बघता उडून जाई.

मी सरपंचांच्या घरी गेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. टँकरचं विचारल्यावर ते अजिबात दचकले नाहीत.

"ताई, जिनिंग झालं तर आमच्या पोरांना काम मिळेल ना," ते म्हणाले. "तेही गावाचंच हित आहे. नुसतं पिण्याचं पाणी म्हणजेच हित थोडंच असतं."

"आणि वस्तीवरच्या बाया?"

"त्यांना सवय आहे."

मी चहा न घेता उठले. खानदेशात कोणाच्या घरचा चहा नाकारणं म्हणजे भांडण मांडणं. मला भांडणच मांडायचं होतं.

धुळ्याला आल्यावर मी अर्ज दिला, की न्यायालयानं आपला माणूस पाठवून जागेवर काय चाललंय ते पाहावं. अशा माणसाला कोर्ट कमिशनर म्हणतात. बहुतेक वेळा एखाद्या वकिलालाच पाठवतात. नानांनी विरोध केला, पण अगदी नावापुरता. टँकरचं त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कमिशनर न सांगता गेला, आणि त्यानंही तेच पाहिलं जे मी पाहिलं होतं. विहीर, टँकर, जिनिंगचा हौद, वस्तीवरचे हंडे.

पुढच्या तारखेला द्वारकाअक्का कोर्टात आली होती. न्यायाधीशांनी अहवाल वाचला. मग एकदम त्यांनी अक्काला समोर बोलावलं.

"बाई, टँकरचं मी पाहतो. पण मला सांगा, गाव तहानलेलं असताना तुम्ही पाणी अडवणार का?"

अक्कानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "साहेब, तहानेल माणूसले ना म्हनाना हक्क माले बी नही. मंग वस्तीवरल्या बायासले ना म्हनाना हक्क सरकारले कठून उना?"

विदर्भातल्या न्यायाधीशांना अहिराणी नीट कळली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात नाना उठले. सरकारी वकील, विरुद्ध बाजूचे. त्यांनी शब्दाला शब्द लावून सांगितलं. "ती म्हणते, तहानलेल्या माणसाला नाही म्हणायचा हक्क मलाही नाही. मग वस्तीवरच्या बायांना नाही म्हणायचा हक्क सरकारला कुठून आला?" आणि खाली बसले. नानांवर माझा पुढेही बराच राग राहिला, पण त्या दिवशीचं त्यांचं ते उठणं मी विसरलेले नाही.

इतकी वर्षं जे मी मुलांना समजावू शकले नव्हते ते अक्कानं चुलीपाशी बोलावं तसं सांगून टाकलं होतं. तिच्या लेखी हक्क आणि धर्म वेगळे नव्हतेच. विहीर तिची होती, म्हणूनच पाणी द्यायचं काम तिचं होतं. सरकारनं विहीर घेतली आणि ते काम मात्र टाकून दिलं.

न्यायाधीशांनी हुकूम बदलला. टँकर बंद. पाणी फक्त पिण्यासाठी, त्यात वस्ती आली, अक्काची गुरंही आली. तहसीलदारांनी अक्काचं म्हणणं ऐकून घ्यावं, असंही सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलं नाही. अक्का दोनदा कचेरीत जाऊन बसली, साहेब दौऱ्यावर होते.

जिंकलो म्हणायचं का? तोवर लिंबाची बाग बरीचशी वाळून गेली होती. हातानं वाढवलेली झाडं. वाळलेल्या फांद्या तोडायला अक्कानं मजूर लावला नाही, स्वतः तोडल्या. जिनिंगचं काम थांबल्यावर गावातल्या मजुरांची रोजी गेली, आणि त्याचाही दोष अक्कावर आला. पुढाऱ्याला कोणी काही बोललं नाही.

मग पाऊस झाला. नाले वाहिले, सरकारनं विहीर परत दिली, कोतवाल उठून गेला. आणि माझ्या दाव्याचा निकाल लागला. निकाल असा, की विहीर परत मिळालेली असल्यानं दाव्याचं कारण उरलेलं नाही, सबब दावा निकाली काढण्यात येत आहे.

मी भांडले. मी म्हटलं, "साहेब, हुकूम काढण्याआधी या बाईला विचारायला हवं होतं की नव्हतं, एवढं तरी न्यायालयानं म्हणावं."

"बाई, विहीर मिळाली ना परत? आता आणखी काय हवं?"

काय हवं ते मी सांगत होते. त्यांनी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

कोर्टाच्या आवारात अक्काला निकाल समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या चुकनात, इतलं लिखं का साहेबनी?"

"नाही. सरकारचं चुकलं, असं कुठंच लिहिलं नाही."

"मंग फुडे जाऊ."

दगाभाऊनं डोक्याला हात लावला. मीही समजावलं, की अपिलाला वर्षं लागतील आणि हाती काही लागणार नाही. ती ऐकेना. तिनं ऐकू नये असंच मलाही मनातून वाटत होतं. अपील केलं.

मधल्या काळात ती मला भेटत राही. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी पुन्हा आटल्या तेव्हा तिनं हौद पुन्हा भरून दिला. गावातल्या बाया आल्या, आधी खाली मान घालून, मग सरावल्या. सरपंचांची सूनही आली. "सरपंचना घरले पानी दिधं का?" असं मी मुद्दाम विचारलं. अक्का म्हणाली, "पोरगी तहानेल व्हती. तिना सासरानं काय इचारतीस." नवी लिंबं लावल्याचंही सांगितलं. गावात तिला पुन्हा बोलावणी येऊ लागली, पण त्याला बराच काळ जावा लागला, आणि झालं ते चुकलं असं तिला गावातलं कोणीही म्हणालं नाही.

आणि मी वर्गात शिकवतच होते. व्यक्ती आणि समष्टी, हक्क आणि हित. फक्त तोल साधायचा असतो हे वाक्य मी सोडून दिलं. त्याऐवजी मुलांना विचारत असे, की हित ठरवताना खोलीत कोण कोण होतं, आणि कोणाला बाहेर उभं केलं होतं. काही मुलांना ते आवडे. बाकीची मुलं पुस्तकातलं उत्तर मागत.

अपिलाचा निकाल लागला तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नाना निवृत्त झाले होते, सरकारतर्फे कोणी नवा मुलगा उभा होता, त्यानं फाइल त्याच दिवशी पहिल्यांदा उघडली होती. अक्काचे गुडघे धरले होते, एसटीची पायरी चढवत नव्हती, म्हणून दगाभाऊ एकटा आला होता. निकाल छोटा होता. मूळ हुकूम केव्हाच संपुष्टात आलेला आहे, आता प्रश्न केवळ तात्त्विक स्वरूपाचा उरला आहे, तात्त्विक प्रश्नांत न्यायालय पडत नाही, सबब अपील फेटाळण्यात येत आहे.

मी विधिशास्त्र शिकवणारी बाई. सगळा जन्म तात्त्विक प्रश्नांत गेलेला. आवारातल्या कडुलिंबाखाली दगाभाऊला निकाल समजावत होते आणि त्या एका शब्दापाशी अडले.

"तात्त्विक म्हंजे काय, ताई?" त्यानं विचारलं.

मला राग आला होता, म्हणून खरं तेच बोलले. "ज्याचं उत्तर काहीही आलं तरी कोणाला काही फरक पडत नाही, असा प्रश्न."

एवढ्या वर्षांत दगाभाऊ माझ्याशी पाच-दहा वाक्यांपलीकडे बोलला नव्हता, आणि त्यातली निम्मी केस मागे घ्या अशीच होती. तो कोर्टाच्या इमारतीकडे पाहत राहिला.

"आमले तं फरक पडना ना, ताई," तो म्हणाला. त्यांना पडला होता. मग उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि शिंदखेड्याची गाडी पकडायला स्टँडकडे गेला.